मोंबासाला जाताना

गेल्या मे महिन्यात आम्ही केनियाला जाऊन आलो. परतल्यापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये, यारी रोडच्या बाजारात, शुक्रवारी नमाजनंतर, जो भेटेल तो विचारतो, "किती खर्च आला? खाण्याचे हाल झाले का? मुलांना घेऊन जाता येईल का?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे, असे ठरवले.

आमचे जाणे सिंह-हत्ती पाहण्यासाठी नव्हते. अम्मीची थोरली बहीण, आमची खाला, लग्न होऊन मोंबासाला गेली तेव्हा अम्मी शाळेत होती. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुस्लिम घरांतली माणसे नोकरी-धंद्यासाठी पूर्व आफ्रिकेला गेली, तसेच खालाचे सासरे गेलेले. खाला शेवटची भारतात आली ती 1998 साली. आता ती शहात्तर वर्षांची, अम्मी एकाहत्तरची. दोघींची भेट घडवायची म्हणून आम्ही वर्षभर पैसे साठवले आणि चार तिकिटे काढली. गेलो मात्र तिघेच. ते कसे झाले, हे आधी सांगतो, कारण आमच्यासारखी चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये.

केनियात जाणाऱ्याला व्हिसा लागत नाही, हे खरे आहे. जानेवारी 2024पासून तिथे व्हिसाऐवजी ई-टीए नावाची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. माणशी 30 डॉलर आणि वर थोडे शुल्क. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा, शिवाय फोटो, विमानाचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता लागतो. अर्ज सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. तशाच दिसणाऱ्या आणि दुप्पट पैसे उकळणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. हे सगळे आम्ही नीट केले. पण पीतज्वराच्या लशीचे काय, असे विचारल्यावर तिकीट काढून देणाऱ्याने सांगितले, "केनिया मागत नाही, गरज नाही."

केनिया भारतातून येणाऱ्याकडे मागत नाही, हे बरोबर. मागतो तो भारत, परत येताना! केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून येणाऱ्याजवळ लशीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी लस घ्यावी. मुंबईत सहार विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात ती मिळते. आधी वेळ घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट सोबत न्यावा लागतो.

आम्हाला हे कळले ते तिकिटे काढून झाल्यावर. शिवाय ही लस जिवंत विषाणूची असते. साठीनंतर ती पहिल्यांदा देताना डॉक्टर विचार करतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर सहसा देतच नाहीत. अम्मीला संधिवात आहे, औषधे तीच. डॉक्टर नाही म्हणाले. अम्मी म्हणाली, "मग येताना कोंडा मला सहा दिवस. आपाला बघून तर येईन." या वयात, सांभाळून द्यायच्या औषधांसह, तिला एकटीला तसे ठेवायला आमचा जीव धजला नाही. ती घरी राहिली. तिकिटाचे पैसे गेलेच. म्हणून आमचा पहिला सल्ला हा, की घरात कुणी वयस्कर किंवा आजारी असेल तर आधी डॉक्टर, मग तिकीट.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सुमारे सहा तासांचे. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे ऑगस्ट 2017पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. आम्ही मसाले, लोणची, कपडे सगळे कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरले. खालाने सुके बोंबील मागितले होते, पण कस्टमवाल्यांसमोर बोंबलांची पिशवी उघडायची आमची हिंमत झाली नाही.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे मीटर उंच आहे. आफ्रिका म्हणून सुती कपडेच नेणाऱ्याला संध्याकाळी हुडहुडी भरते, तेव्हा एक स्वेटर हवाच. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. पर्यटक तेव्हा टाळतात, पण शिक्षकांना सुट्टी मेमध्येच! मुंबईकराला पावसाचे काय? उलट गर्दी नव्हती.

नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने जावे. 2017 साली सुरू झालेली ही गाडी साधारण 470 किलोमीटरचे अंतर पाच-सहा तासांत कापते आणि वाटेत त्सावोच्या रानात खिडकीतून हत्ती दिसू शकतात. दोन्हीकडची स्थानके शहराबाहेर आहेत आणि सामान कुत्र्यांकडून हुंगून तपासतात, म्हणून तासभर आधी पोहोचावे. याच वाटेवरची जुनी रेल्वे 1896पासून हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधली. सुमारे बत्तीस हजार गेले, अडीच हजारांच्या आसपास तिथेच दगावले. ती गोष्ट आमच्या लेकीला गाडीतच सांगितली.

पैशांचे म्हणाल, तर एका रुपयाला साधारण दीड शिलिंग पडतो. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या न्याव्यात. तिथे भाजीवालीसुद्धा मोबाइलवरून एम-पेसाने पैसे घेते. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतले की ते सुरू करता येते. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात. मोंबासाच्या किनारपट्टीवर मलेरिया आहे, तेव्हा गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगतील तितके दिवस घ्याव्यात. मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी माणसाला दिवसाला 100 डॉलर, आणि जुलैपासून 200. शिक्षकाच्या पगारात ते बसले नाही. मोंबासातल्या हॅलर पार्कमध्ये लेकीने जिराफाला हाताने चारले, तेवढ्यावर ती खूश.

नमाजचे एक सांगतो. मुंबईत आपला किब्ला पश्चिमेला, हे इतके अंगवळणी पडलेले की खालाच्या घरी पहिल्या दिवशी आम्ही सवयीने पश्चिमेकडे मुसल्ले अंथरले. खाला हसली. मक्का तिथून जवळजवळ सरळ उत्तरेला! शिवाय विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर दिवस-रात्र सारखेच, नमाजच्या वेळाही फारशा हलत नाहीत. मशिदी जागोजाग आहेत. जुन्या वस्तीतली मंध्री मशीद तर 1570 सालची, पोर्तुगीजांच्या फोर्ट जीझसच्याही आधीची.

खाण्याचे हाल? अजिबात नाही. मोंबासात हलाल शोधावे लागत नाही. पिलाऊ, समोशाचा भाऊ संबुसा, चपाती, चहा. नारळाच्या दुधात मळलेले वेलचीचे महामरी आणि सोबत नारळाच्या रसातली तूर म्हणजे म्बाझी, हा नाश्ता कोकणच्या माणसाला परका वाटतच नाही.

भाषा तर अर्धी ओळखीची. किताबू, दुनिया, रफिकी, हिसाबू. सहा म्हणजे सिता, सात म्हणजे सबा. पैशाला पेसा, दुकानाला डुका. आम्ही शिक्षक म्हटल्यावर सगळे "म्वालिमु" म्हणू लागले, म्हणजे मुअल्लिम. या ओळखीने आम्ही जरा शेफारलो. गाडीवाल्याने "सा म्बिली" सांगितले, म्हणजे दोन वाजता, असे समजून सकाळी निवांत चहा टाकला, तर आठलाच तो दारात हजर. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे तिथला एक. वेळ ठरवताना 'सकाळी की दुपारी' हे जरूर विचारावे.

एका संध्याकाळी आम्ही लिकोनीच्या फेरीने पलीकडे गेलो. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. गर्दी, माशांचा वास, लोखंडी फळीवर धावणारी माणसे. वर्सोव्याहून मढला जातो तसेच वाटले. तिथूनच अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. दोघी बहिणी काहीच बोलेनात. मग अम्मी म्हणाली, "आपा, तू का नाही येत?"

खाला म्हणाली, "माझे कार्ड कधीच संपले गं. डॉक्टर आता सुई देत नाही."

घरी आल्यावर आम्ही कार्ड पाहायला मागितले. खालाने ट्रंकेतून पिवळे पुस्तक काढले. 1998चा शिक्का, दहा वर्षांची मुदत. पण जागतिक आरोग्य संघटनेचा नियम जुलै 2016मध्ये बदलला. तेव्हापासून पीतज्वराचा दाखला आयुष्यभर चालतो, जुनासुद्धा. मावसभावाला आमचा विश्वास बसेना. त्याने मोबाइलवर स्वतः वाचले, दोनदा वाचले, मग कार्डवरचे नाव पासपोर्टशी जुळवून पाहिले.

त्याच रात्री तो भारताच्या ई-व्हिसाचा अर्ज भरायला बसला. "भारतातला पत्ता काय लिहू?" त्याने विचारले. आम्ही काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून खाला म्हणाली, "यारी रोड, वर्सोवा."