आबालालच्या मागावर

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला आबालाल रहिमान आधी गोष्टीत भेटतो, चित्रात नंतर. मला तो आजोबांच्या तोंडून भेटला. शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार, कोटितीर्थ तळ्याकाठी फकिरासारखा राहायचा, आणि १९२२ साली महाराज गेल्यावर त्यानं आपली चित्रं तळ्यात सोडून दिली. शाहू मिलवरून जाताना मी पोरवयात त्या पाण्याकडं मोठ्या आशेनं बघायचो.

पुढं कागद शोधायला लागलो तसा माणूस विरळ होत गेला. जन्मसाल कुठं १८५६, कुठं १८६०. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करायची परंपरा, मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग पुन्हा कोल्हापूर आणि १९३१ साली मृत्यू. सगळं एका पोस्टकार्डावर मावतं. मोडी शिकून पुराभिलेखागारातले कागदांचे रुमाल सोडले. पागा, चारा, पगार, सगळं पै-पैशासकट लिहिलेलं. मी चाळलेल्या कागदांत आबालाल काही भेटला नाही. पगारपत्रकात बसणारा तो गडीच नव्हता, अशी मी आपली समजूत घातली.

मग तळ्याच्या गोष्टीचाच संशय यायला लागला. ती खोटी आहे असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. पण आपल्या गावाच्या ती फार सोयीची आहे. चित्रं बुडाली म्हटलं की शोधायची जबाबदारी संपली! इथला पाऊस, वाळवी, वाटण्यांत फुटलेले वाडे, रद्दीवाले या सगळ्यांवरचा आळ परस्पर तळ्यावर जातो.

उरलेली चित्रं मात्र बोलतात. रंकाळा तलावातला संध्यामठ त्यानं रंगवलाय. पावसाळ्यात मठ पाण्यात जातो, उन्हाळ्यात उघडा पडतो. म्हणजे पाणी कुठवर चढलंय ते बघून हंगाम कळतो, सावलीवरून वेळ, आणि मठाची कुठली बाजू दिसते त्यावरून आबालाल कुठल्या काठाला बसला होता तेही. दफ्तरात न सापडलेल्या माणसाचा एक अख्खा दिवस असा हाती लागतो.

आता शुक्रवार पेठेत, मंगळवार पेठेत कुणाच्या जुन्या घरी गेलो, की भिंतीवरच्या निनावी निसर्गचित्राची फ्रेम उलटी करून बघू द्या म्हणतो. "त्यात काय बघतायसा?" काकू विचारतात. पोरं सरळ किंमत विचारतात, आणि फ्रेम पुन्हा खिळ्याला अडकवायच्या आत मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवतात. काढू देत. रद्दीत जायच्या आधी एवढं तरी होतंय.