नरक्याची कुपी

पुण्याच्या प्रयोगशाळेत बाईंनी पहिल्यांदा ती कुपी हातात दिली तेव्हा तळाशी फिकट पिवळी भुकटी होती, फक्त १०० मिलिग्रॅम. कॅम्पटोथेसिन. "तुमच्या आंबोलीकडे नरक्या असतो ना? त्यातही हे सापडतं," बाई म्हणाल्या. मी कुपी धरून तशीच उभी राहिले.

नरक्या ठाऊक नाही असं घर आमच्या गावात नाही. मी शाळेत असताना रात्री टेम्पो येत. रानात तुकडे केलेलं लाकूड पोत्यांत भरून जाई, किलोवर पैसे मिळत. कॅन्सरचं औषध होतं, एवढंच सगळे सांगत. खोडं संपली तशी मुळंही खणली. बाबांनी कधी झाड तोडलं नाही, पण तोडणाऱ्यांना नावंही ठेवली नाहीत. पावसाळ्यात कुणाच्या घरात काय शिजतं हे त्यांना माहीत होतं.

माझा पहिला प्रयोग फसला. कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ऐन वेळी पातळ करायचं असतं. मी आदल्या संध्याकाळीच ७.४ सामूच्या बफरमध्ये करून ठेवलं. सकाळी पेशींवर घातलं, पेशी ढिम्म. रेणूतलं लॅक्टोनचं कडं रात्रीतून उघडलं होतं, आणि कडं उघडलं की त्याचा जोर जातो.

कारण शोधताना जुन्या हकिकती वाचल्या आणि फार वाईट वाटलं. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत, एका चिनी झाडातून हा रेणू वेगळा केला. पुढे रुग्णांवरच्या चाचण्यांत पाण्यात विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार दिला गेला, म्हणजे कडं उघडलेलंच रूप. गुण थोडा, मूत्राशयाचा त्रास भयंकर. चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये हा रेणू पेशीत नेमकं काय अडवतो ते कळलं, तेव्हा संशोधक पुन्हा त्याच्याकडे वळले.

तो अडवतो टोपोआयसोमरेज-१ या विकराला. चऱ्हाट वळताना पीळ जास्त बसला की बाबा एक पेड सैल करून पीळ जाऊ देतात. हे विकर डीएनएचा एक पेड चक्क तोडतं, पीळ जाऊ देतं आणि लगेच सांधतं. कॅम्पटोथेसिन त्या तुटल्या जागीच जाऊन बसतं, सांधू देत नाही.

दुसऱ्या वेळी द्रावण ताजं केलं. तासाभरानंतर पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. केंद्रकांत हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक तूट. काही पेशी धुऊन नुसत्या पोषक द्रवात ठेवल्या होत्या. धुतल्यावर रेणू सुटतो, विकर आपलं काम पुरं करतं. पण ज्या पेशी नेमक्या त्याच वेळी डीएनएची नक्कल करत होत्या, त्यांचे दोन्ही पेड तुटले होते. त्यांच्यातले ठिपके राहिले. ते मोजताना रात्रीचे दोन वाजले.

दिवाळीत घरी गेले. बाबा मला रानात घेऊन गेले. तोडलेल्या एका बुंध्याला दोन फुटवे आले होते. पान चुरगळून त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. "वास मारता म्हणान नरक्या."

मी त्यांना कुपीचं सांगितलं. माझं वर्षभराचं काम तेवढ्यात भागतं. ओंजळ-दोन ओंजळी ढलप्या पुरल्या असत्या.

"इतक्याच?" त्यांनी विचारलं, आणि बराच वेळ बुंध्याकडे बघत राहिले. मग कोयती काढली. "तुका नमुन्याक व्हयो?"

"नको, बाबा."

त्यांनी करवंदीची काटेरी जाळी तोडली आणि फुटव्यांभोवती रचायला घेतली.