मामांचें व्याज

इंग्रजी शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. एवढ्या अवधींत विद्यार्थ्यांनीं मला सर्वांत अधिक वेळां विचारलेला प्रश्न कोणता, असें कोणी पुसल्यास मी चटकन् सांगेन, “सर, या शब्दाला मराठींत काय म्हणतात?” प्रश्न सरळ दिसतो. पण त्याचें उत्तर देतांना माझी जीभ आजही अडखळते. ती कां अडखळते हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

एका शब्दाला अनेक अर्थ असणें यांत नवल कांहींच नाहीं. ‘अर्थ’ या शब्दालाच किती अर्थ आहेत! ‘माया’ घ्या. वेदान्ती तिला भ्रम म्हणतो, आईच्या तोंडीं ती ममता होते, एखाद्यानें बरीच माया जमविली म्हटलें कीं आपण त्याच्या तिजोरीकडे पाहतों, आणि शिंपी कापड बेततांना शिवणीच्या कडेला जें जास्तीचें कापड राखतो, तीही मायाच. या चार मायांच्या जाळ्यांत मराठी माणूस सहसा सांपडत नाहीं. परकी भाषा आली म्हणजे मात्र पंचाईत सुरू होते.

पुण्यास शिकत असतांना मीं दोन वर्षें फ्रेंचचा अभ्यास केला. (आतां त्यांतलें फारसें उरलेलें नाहीं, वऱ्हाडांत फ्रेंच बोलणार कोणाशीं?) आमच्या शिक्षकांनीं आरंभींच ‘स्प्रिंग’ हा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून त्याचें फ्रेंच विचारलें. आम्ही गप्प. मग त्यांनींच सांगितलें कीं, वसंत ऋतु असेल तर ‘प्रँतां’, घड्याळांतली कमान असेल तर ‘रसॉर’ आणि झरा असेल तर ‘सूर्स’. त्या वेळीं मला हे शब्द फार अवघड वाटले. आज वाटतें, ते अगदीं निरुपद्रवी आहेत. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानांत वसंत ऋतु कोण आणील? जेथें एकच अर्थ बसतो तेथें वाक्यच आपल्याला सांवरून घेतें. खरें भय जेथें दोन्ही अर्थ बसतात तेथें असतें.

‘कॉन्शन्स’ हा शब्द पाहा. शेक्सपियरच्या काळीं त्यांत सदसद्विवेकबुद्धीही होती आणि नुसती जाणीव, नुसता विचारही होता. ‘हॅम्लेट’मध्यें तो शब्द येतो तेथें या दोहोंपैकीं कोणता अर्थ घ्यावा, यावर विद्वानांचे वाद झालेले आहेत. फ्रेंच भाषांतरकाराची येथें मोठी सोय आहे. त्याच्या भाषेंत तोच शब्द थोड्या वेगळ्या उच्चारानें दोन्ही अर्थ अजून वाहतो. मराठीला मात्र निवड करावी लागते. आगरकर विद्यार्थिदशेंत आमच्या अकोल्यास होते आणि विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे गुरु त्यांना तेथें लाभले. त्याच आगरकरांनीं पुढें ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें, तें ‘विकारविलसित’ 1883 सालीं प्रसिद्ध झालें. तें पुस्तक हातीं घेतलें कीं अशा एकेका शब्दापाशीं हा मनुष्य किती वेळ थांबला असेल, हाच विचार माझ्या मनांत प्रथम येतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 पासून उपलब्ध होता खरा; पण कोश अर्थांची रांग उभी करतो, त्यांतला कोणता घ्यावा हें त्याला विचारून उपयोग नसतो.

मीं मात्र एकदां थांबावयाचें तेथें थांबलों नाहीं.

गोष्ट 1996 सालची. अमरावतीस अध्यापक होऊन मला जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं. माझे धाकटे मामा मूर्तिजापूर तालुक्यांत शेती करीत. त्यांचें आणि त्यांच्या वडील बंधूंचें चार एकरांचें एक शेत सामाईक होतें. बंधूंच्या आजारपणांत मामांनीं त्यांना कांहीं रक्कम उसनी दिलेली होती. बंधु वारले. त्यांचा मुलगा मुंबईस नोकरीला. त्याच्या वकिलाचें पत्र आलें तें इंग्रजींत. मामा तें पत्र टोपींत घालून अमरावतीस आले.

“काय लिवलं हाये रे बापू?”

मीं पत्र वाचलें. आपल्याकडून घेतलेली रक्कम लौकरच परत करूं, असें पहिल्या परिच्छेदांत होतें. दुसऱ्यांत, सदर शेतासंबंधींचा आपला ‘इंटरेस्ट’ आपण सोडून द्यावा व तशी संमति कळवावी, अशी विनंति होती. उसनवारीचा विषय नुकताच वाचलेला; मीं क्षणाचाही विचार न करतां म्हटलें, “मुद्दल देतात, व्याज सोडा म्हणतात.”

मामा हंसले. “व्याज कोनं मांगतलं होतं? लेकरूच हाये आपलं. लिहून दे, सोडलं म्हना.”

मीं उत्तर लिहिलें. मराठींत लिहिलें असतें तर त्यांत ‘व्याज’ हा शब्द पडला असता, आणि चूक वकिलाच्या तरी ध्यानांत आली असती. पण मला माझ्या इंग्रजीचा गर्व. वकिलाचाच शब्द जसाच्या तसा उचलून, तो ‘इंटरेस्ट’ सोडण्यास माझी संमति आहे, असें मीं सुबक अक्षरांत लिहिलें, आणि मामांनीं खालीं सही केली.

व्याज, हित, गोडी, मालमत्तेंतील हिस्सा हे सगळे अर्थ त्या एका शब्दाच्या पोटांत आहेत. फ्रेंचमध्यें पहिले तिन्ही ‘अँतेरे’ या एकाच शब्दांत मावतात. चौथ्यापाशीं त्यांनाही दुसरा शब्द शोधावा लागतो. मी चौथ्यापर्यंत पोंचलोंच नाहीं.

दोन महिन्यांनीं कागद आला, तो मराठींत. वर ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’. तें वाचावयास मामांना माझी गरज नव्हती. मी धांवत मूर्तिजापूरला गेलों, सगळें सांगितलें, मुंबईस आजच पत्र लिहितों म्हणालों. मामा कांहीं वेळ कडुनिंबाखालीं बसून राहिले. मग म्हणाले, “काही लिहू नको. चिठ्ठी मीच धाडली. मी त्याले शब्द देल्ला.”

माझी चूक त्या मुलाला मीं स्वतः कळवावयास हवी होती. मामांची आज्ञा ही माझ्या दृष्टीनें एक सोयिस्कर सबब झाली, हें आज कबूल करतों. ठरलेल्या दिवशीं मामांनीं दुय्यम निबंधकांपुढें सही केली. पुढें मुंबईहून रक्कम आली. मुलगा सज्जन होता. त्यानें ती व्याजासकट पाठविली होती.

मामींनीं पुढें पुष्कळ दिवस माझ्याशीं बोलणें बेताचेंच ठेवलें, तें योग्यच होतें. मामांनीं मात्र त्या शेताचा विषय माझ्यापुढें पुन्हा कधीं काढला नाहीं. बँकेचा, विम्याचा, कोणताही इंग्रजी कागद आला कीं ते पूर्वीप्रमाणेंच तो टोपींत घालून अमरावतीस येत. मी वाचून अर्थ सांगितला कीं ते उठत नसत. कागद पुन्हा माझ्यापुढें सरकवीत आणि म्हणत, “आनखी काही अर्थ निंगते का रे याचा? पाहून घे एकडाव.”