भाचा

पाकीट पोस्टमनने आणून दिलं, म्हणून माझा विश्वास बसला. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं अचूक. महिन्यापूर्वी मी ऑनलाइन कुकर मागवला होता, त्याच कंपनीच्या नावाने आत एक चकाकतं कार्ड. नाण्याने खरवडलं, तर 12 लाख 80 हजार!

खालच्या नंबरवर फोन केला. हो, मीच केला. पलीकडचा मुलगा मोडकंतोडकं मराठी बोलायचा, 'मावशी' म्हणायचा. नोंदणीची फी एक टक्का, एवढंच तो म्हणाला. त्याने आकडा सांगायच्या आत मीच सांगून मोकळी झाले, 12,800. तीस वर्षं शाळेत शेकडेवारी शिकवली ना! पैसे पाठवले. बक्षीस हातात येईपर्यंत घरात बोलू नका, नजर लागते, हेही पटलं. रोज दोनदा त्याचा फोन. आधी विचारायचा, जेवलात का. आमच्या घरात हे कोण विचारतं?

तिसऱ्या दिवशी टॅक्सचे म्हणून 38,400 मागितले, खात्यात भरायला. साताऱ्यातल्या आमच्या बँकेत जाऊन स्लिप भरली. खातं कुणा परक्या माणसाचं, शाखा दुसऱ्या राज्यातली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "हे तुमचे कोण?"

"भाचा."

चोरासाठी खोटं बोलले, तेही न अडखळता. पासबुकाबरोबर पिशवीतून ते कार्ड बाहेर पडलं नसतं, तर गेलेच होते पैसे. कार्ड बघून ती आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमच्या पेन्शनवरचा टॅक्स आम्ही कापून घेतो आणि उरलेलं तुम्हाला देतो ना? लॉटरीचंही तसंच. 10,000 च्या वर रक्कम असली की 30 टक्के देणाराच कापतो. आधी तुम्ही भरा, असं कोण म्हणतं?"

शेकडेवारी मला येत होती. वजाबाकी कुणी करायची, तेवढं सुचलं नव्हतं.

तिनेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, 1930, लावून दिला. पैसे अजून खात्यात असले तर अडवता येतात, म्हणून तिथे पहिल्यांदा कधी पाठवले ते विचारतात. माझे तीन दिवसांत पुढे कुठल्या कुठे गेले होते. रक्कम मोठ्याने सांगावी लागली, मागे रांग उभी असताना. यांना त्या रात्रीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला. "मावशी, जेवलात का?"

"जेवले," म्हणाले, आणि मग फोन ठेवला.