पाचवे चाक

जीपला चाके चार. पाचवे ते स्टेपनी. ते स्वतः चालत नाही, पाठीवर बसून प्रवास करते. (आमच्या घरी असे एक मामा होते, पण ते असो.) वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली असे जादा चाक विकायला काढले. त्या गल्लीचे नाव नागपुरात पंक्चरवाल्याच्या पोरालाही पाठ!

माझी स्टेपनी मागच्या दारावर होती. हौसेने मोठे टायर घातले, तेव्हा तिचेही वजन वाढले, हे माझ्या ध्यानी आले नाही. गेल्या श्रावणात आईला उमरेडहून नागपूरच्या इस्पितळात आणले. ती मागे आडवी निजलेली, आणि दार उघडेना. बिजागऱ्या झिजून दार खाली उतरले होते. कडी खाचेत रुतली होती. दोघांनी स्टेपनी खालून उचलून धरली, तेव्हा सुटले. ती चार मिनिटे मी विसरलेलो नाही.

“दारानं किती वजन धरावं, भाऊ?” कामठी रोडचा मिस्त्री म्हणाला. त्याने नव्या बिजागऱ्या लावल्या आणि बाजूला फिरणारा लोखंडी स्टँड थेट चासीला बोल्टांनी आवळला. स्टेपनीचा भार दारावरून उतरला. थोडी गाडी चालली की बोल्ट पुन्हा आवळून घ्या, असेही त्याने बजावले.

आता आधी स्टँड फिरवायचा, मग दार. बरी होऊन आलेल्या आईने ते पाहिले. “म्हणजे दोन दारं झाली की रे! घाईत आधी कोणतं?”

मी दोनदा उघडून दाखवले. तिसऱ्यांदा तिने स्वतः उघडले.