परमुलखातील क्रीडांगण

घरदार टाकून देशोधडीस लागलेले लोक परक्या गावी जाऊन टेकले की प्रथम देऊळ बांधतात, मग शाळा काढतात, आणि गाठीस चार पैसे उरले तर एखादे वर्तमानपत्र सुरू करतात. आर्मेनियन लोकांनीही बहुतेक असेच केले. त्यांच्या भाषेतील पहिले नियतकालिक 1794 साली आपल्या मद्रासेत निघाले, आणि मुंबईच्या कोटातील एक गल्ली अजून त्यांचे नाव मिरविते. परंतु विसाव्या शतकात ह्या क्रमात त्यांनी एक भर घातली, आणि तिचे मला फार दिवस कौतुकमिश्रित नवल वाटत आले आहे. देऊळ व शाळा ह्यांच्या शेजारी त्यांनी फुटबॉलचे मैदान आखले.

कोलकात्यास 1821 साली स्थापन झालेली एक आर्मेनियन शाळा आहे. तेथील मुलांचा रग्बीचा खेळ मैदानाच्या कडेला उभा राहून पाहण्याचा योग मला एकदा आला. मुले निरनिराळ्या देशांतून आलेली, कोणाची बोलीही थोडी वेगळी. पण चिखलात एकमेकांवर आदळताना त्यांची आरोळी मात्र एकच होती. ती कानांत राहिली, आणि मी त्या लोकांच्या व्यायामसंस्थांविषयी हाती येईल ते वाचू लागलो. वाचता वाचता ‘होमेनेत्मेन’ हे नाव भेटले. ‘आर्मेनियन सर्वसाधारण शारीरिक शिक्षण संघ’ अशा अर्थाच्या लांबलचक नावातील चार आद्याक्षरांची ही नुसती नावे, एकापुढे एक उच्चारलेली. आपण ‘क, ख’ म्हणावे तसे! तरी त्या चार अक्षरांस आज शंभर वर्षांवर जगभरचे आर्मेनियन आपल्या मुलांच्या गळ्यातल्या रुमालासह सांभाळीत आहेत.

ह्या संघाचे बीज इस्तंबूलमध्ये, म्हणजे त्या वेळच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये, पडले. शवर्श क्रिस्सियान नावाच्या तरुणाने तेथे 1911 साली शारीरिक शिक्षणास वाहिलेले एक आर्मेनियन मासिक काढले. दूरदूरच्या गावांतील तरुण छाती फुगवून काढलेली आपली छायाचित्रे त्याकडे पाठवीत आणि तो ती हौसेने छापी. आज त्यांतील काही चित्रे पाहून हसू येते. पण ते हसू फार टिकत नाही. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत ऑटोमन साम्राज्यातर्फे दोनच खेळाडू उतरले. वाहराम पापाझियान हा धावणारा आणि मिग्रदिच मिगिरियान हा गोळाफेक करणारा. दोघेही आर्मेनियन. ज्या साम्राज्याची अब्रू सांभाळण्यास हे दोघे गेले, त्याच साम्राज्याने पुढे तीन वर्षांनी, 24 एप्रिल 1915 पासून, राजधानीतील आर्मेनियन पुढाऱ्यांची व लेखकांची धरपकड आरंभिली. त्या वर्षी मारल्या गेलेल्यांत क्रिस्सियान होता. छायाचित्रे पाठविणाऱ्या गावोगावच्या तरुणांचे काय झाले असेल, हे अनातोलियातील त्या वर्षांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास सांगावयास नको.

महायुद्ध संपले. 1918 च्या ऑक्टोबर महिन्यात तहकुबीचा करार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस होमेनेत्मेनची स्थापना झाली. ह्या तारखांकडे मी पुनःपुन्हा पाहतो. वाळवंटातून, खेड्यांतून, परक्या घरांतून आईबापांवाचून उरलेली मुले अजून गोळा केली जात होती. अनाथालयांत अंथरुणे पुरत नव्हती. अशा वेळी होव्हान्नेस हिंतलियान ह्यांच्यासारखा शिक्षणतज्ज्ञ आणि त्याचे सोबती खेळाच्या व बालवीर चळवळीच्या मागे लागतात! त्या काळी कोणी तरी त्यांस ‘ही का खेळण्याची वेळ?’ असे विचारलेच असेल. मीही प्रथम तसेच विचारले असते.

ह्याचे उत्तर मला एका छायाचित्रात सापडले. अलेक्झांड्रोपोल (आजचे ग्युम्री) येथे अमेरिकेच्या मदतीवर चालणारी प्रचंड अनाथालये होती. हजारो मुले तेथे राहत. 1920 नंतरच्या काही वर्षांतले ते चित्र उंचावरून घेतलेले आहे. मुलांना मैदानात अशा रीतीने बसविले आहे की त्यांच्या देहांची इंग्रजी अक्षरे व्हावीत आणि ‘अमेरिके, आम्ही तुझे आभारी आहो’ असे वाचता यावे. ज्यांनी भाकरी दिली त्यांची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. ती भाकरी नसती तर अक्षरे होण्यास मुलेही उरली नसती. परंतु चित्रातील एकही चेहरा ओळखू येत नाही. प्रत्येक मूल आभाराच्या अक्षरातील एक ठिपका झाले आहे. घेणाऱ्याने सदैव घेतच राहावे आणि उपकाराच्या ओझ्याने वाकावे, अशी ती स्थिती. ह्याच शहरातील अनाथ मुलांत वाहान चेराझ ह्या होमेनेत्मेनच्या संस्थापकांपैकी एकाने बालवीरांची पथके उभारली. पथकातील मुलाला कोणी काही दान देत नव्हते. त्याच्याकडूनच काही मागितले जात होते. वेळेवर ये, गाठ नीट बांध, मागे पडलेल्याला हात दे. ‘स्वतः उंच हो आणि दुसऱ्यास उंच कर’ हे संघाचे ब्रीद. ज्याला आजवर सर्वांनी फक्त उचलून धरले त्यालाच ते दुसऱ्याला उचलावयास सांगते. चेराझला ह्याचे फळ निराळेच मिळाले. 1928 साली सोव्हिएत राजवटीने त्याला गोळी घातली.

इस्तंबूलमधील कार्यही 1922 नंतर फार टिकले नाही. किलिकियातून फ्रेंच फौजा गेल्यावर तेथील आर्मेनियन सीरिया व लेबनॉनमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर संघही आला. बेरूतची शाखा 1924 ची. नगराच्या कडेस बुर्ज हम्मूद वसले. तेथील वस्त्यांना लोकांनी सुटलेल्या गावांचीच नावे दिली, नवे मराश, नवे अदाना, नवे सिस. ह्या वस्त्यांच्या मुलांमधून तयार झालेल्या संघाने लेबनॉनचे फुटबॉलचे अजिंक्यपद सात वेळा जिंकले. अलेप्पोच्या शाखेला पुढे ‘यर्मूक’ हे अरबी नाव घ्यावे लागले. नाव बदलले, खेळ चालू राहिला.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. होमेनेत्मेनचा ओढा दाश्नाक पक्षाकडे, तर जवळजवळ तशाच नावाचा ‘होमेन्मेन’ हा दुसरा संघ विरुद्ध गोटाच्या जवळचा. एका मूठभर निर्वासित समाजाचे दोन संघ एकाच शहरात एकमेकांविरुद्ध खेळत आणि प्रेक्षकांत राजकारणाची जुनी वैरे उकरली जात. मुलाला कवाईत शिकवितो तो मुलासाठी की पक्षासाठी, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेस विचारावाच लागतो, आणि ह्या संस्थेचे उत्तर मला सर्वत्र सारखे समाधानकारक वाटलेले नाही.

लेबनॉनचे यादवी युद्ध 1975 ते 1990 पर्यंत चालले. पुढे सीरियाचे पेटले. पुन्हा गाठोडी बांधली गेली. आता संघाचे फार मोठे क्रीडामहोत्सव लॉस एंजेलिसच्या परिसरात भरतात आणि त्यांस आर्मेनियनांच्या प्राचीन नववर्षावरून ‘नवसार्दियान’ म्हणतात. पश्चिमी आर्मेनियन बोलीची गणना युनेस्कोने 2010 साली धोक्यातील भाषांत केली आहे; घरी इंग्रजी बोलणारी मुले ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ मात्र त्याच बोलीत ऐकतात. एवढ्याने भाषा जगेल असे मला वाटत नाही. कवाईतीच्या शब्दांत आजीशी बोलता येत नाही.

2018 साली बेरूतच्या होमेनेत्मेनने लेबनॉनचे बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळविले. त्या चमूतील सारे खेळाडू आर्मेनियन नव्हते. काही लेबनॉनी अरब होते, काही अमेरिकेहून वेतनावर आणलेले. गणवेशावर अक्षरे मात्र तीच चार होती.