अंगाला बसणारं लाकूड

तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो, कारण आवाज त्याला स्वतः घुमवायचा असतो. तार छेडली की तिची थरथर घोडीवरून तबलीत उतरते, भोपळ्यातली हवा हलते आणि खोली भरून जाते. भोपळ्याचा घेर, तबलीची जाडी, दांडीची लांबी हे सगळं त्या एका कामासाठी ठरलेलं. गाणाऱ्यानं मांडी कशी घालायची आणि हात कुठून वळवायचा, तेही मग वाद्यच सांगतं. इलेक्ट्रिक गिटारीत हा हुकूम संपला. तिथं पोलादी तारेखाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वरची तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते आणि स्पीकर बोलतो. घुमण्याचा भार लाकडावर राहिलाच नाही. मग गिटारीचं अंग कसं असावं? सगळं आयुष्य पहाडगंजात काढताना या प्रश्नाची बरीच उत्तरं माझ्या खांद्याला, बरगड्यांना आणि मांडीला भेटली.

घरात तंबोरा होता तो मिरजेचा. बाबा तिकडचेच. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, आरामबागेत सरकारी क्वार्टर मिळालं, आणि गादीत गुंडाळलेला तंबोरा ट्रंकांबरोबर आला. मिरजेतली शिकलगार घराणी पूर्वी हत्यारं घडवायची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबा नव्हते. असते तर पेढे वाटले असते.

मी शिकले नूतन मराठी शाळेत. शाळेच्या आवारात मराठी आणि फाटकाबाहेर पंजाबी. पलीकडे मेन बाजार, आणि त्या बाजारात पाठीवर घर घेऊन फिरणारे परदेशी. युरोपातून जमिनीवरून काठमांडूला जाणारी ती मंडळी स्टेशनासमोरच्या स्वस्त लॉजमध्ये उतरत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी खांद्यावर गिटार असायचीच. ती साधी, पोकळ, पोटाला भोक असलेली. बिनभोकाची गिटार मी प्रथम पाहिली गणपतीत, बृहन्महाराष्ट्र भवनाच्या कार्यक्रमात आलेल्या ऑर्केस्ट्रात. 'कर्ज' नुकताच येऊन गेला होता, १९८० चा सिनेमा; त्यातल्या 'एक हसीना थी'ची गोरख शर्मांनी वाजवलेली धून ज्याच्या त्याच्या तोंडी होती. मी स्टेजच्या कडेला उभी राहून त्या सपाट लाल फळीकडे बघत राहिले. एवढा आवाज, आणि ठेवायला पोटच नाही!

त्याचं उत्तर थेट हवाई बेटांपर्यंत जातं. तिथली गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवतात. अमेरिकेत त्या संगीताचं वेड पसरलं, पण बँडच्या गलबल्यात तिचा आवाज पोचेना. तेव्हा जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये ओतीव ॲल्युमिनियमची, छोटं गोल अंग आणि लांब मान असलेली गिटार बाजारात आणली. लोकांनी तिचं नाव पाडलं 'फ्राइंग पॅन'. बाजारात जम बसलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच. मांडीवर आडवं राहणाऱ्या वाद्याला कंबर लागत नाही, म्हणून तिला ती दिलीच नाही.

आपल्याकडे विजेची गिटार बरीच वर्षं अशी आडवीच ऐकली गेली. ताऊ मो हे हवाई कलाकार १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले आणि तिथं ही वादनपद्धत रुजली. पुढे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांच्या तबकड्यांनी सिनेमाची गाणी तारांवरून घरोघर नेली. आमच्या शेजारच्या क्वार्टरात त्या तबकड्या लागत आणि आई काम थांबवून ऐके. तिच्या मते मिंड अशी यायला हवी.

गिटार उभी धरणाऱ्यांनी मात्र कंबर सोडली नाही. १९३६ ची गिब्सनची ईएस-१५० पोकळच होती, वर फक्त चुंबक-वेटोळ्याचा पिकअप बसवलेला. तिच्यावर चार्ली ख्रिश्चननं जॅझमध्ये गिटारला एकट्यानं बोलायचा मान मिळवून दिला. पण पोकळ अंगाला दुखणं असतं. स्पीकरचा आवाज मोठा केला की तो आवाजच अंगाला हलवतो, तारा पुन्हा थरथरतात आणि किंचाळी सुटते. लेस पॉलनं १९४० च्या सुमारास यावर उपाय म्हणून चार इंच बाय चार इंचाची पाइनची तुळई घेतली आणि तिच्यावर तारा ताणल्या. तो सांगायचा की तुळई घेऊन वाजवलं तेव्हा लोक थंड होते. मग त्यानं एक पोकळ गिटार चिरून तिच्या दोन कुशी तुळईला जोडल्या आणि त्याच लोकांनी टाळ्या दिल्या. आवाज तुळईचाच होता. ही हकीकत मला फार मोलाची वाटते. गिटारीला अंग हवं होतं ते आधी बघणाऱ्याच्या डोळ्याला.

लिओ फेंडरनं वेगळ्या बाजूनं विचार केला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० मध्ये त्यानं सपाट फळीचं अंग आणि स्क्रूनं बसवलेली मान अशी गिटार काढली. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. ती आधी ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच होतं म्हणून १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली. माझी पहिली विजेची गिटार त्याच घाटाची, जपानी बनावटीची नक्कल. परदेशी मालावरचा कर तेव्हा इतका की दुकानात नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेर. एका प्रवाशाला घरी परतायला पैसे हवे होते, लॉजवाल्यानं निरोप धाडला, आणि बाबांनी बोनस मोडून दिला. मुलीच्या जातीला हे कशाला, असं म्हणणारे नातेवाईक होते. बाबांनी त्यांना चहा दिला.

अ‍ॅम्प नव्हता. मांडवात वापरतात तसला अहुजाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळाला, त्याला जोडली. लावल्याबरोबर घरभर गुणगुण. बाबा दाराशी येऊन ऐकत राहिले आणि पेटीची पट्टी सांगावी तसं म्हणाले, "पांढरी पाच. किंचित चढी." ते बरोबर होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. उघडं वेटोळं तारेबरोबर भिंतीतल्या वायरिंगलाही पकडतं, आणि ५० आवर्तनांचा सूर पांढरी पाचच्या जरासा वरच पडतो. अमेरिकेत ६० आवर्तनं, म्हणजे तिथल्या घरांची गुणगुण आणखी वरची. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले की ती कमी होई, दाराकडे वळले की वाढे. माझा सगळा रियाज खिडकीकडे तोंड करून झाला. यावरचा तोडगा गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्येच शोधला होता: दोन वेटोळी शेजारी, त्यांची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट. गुणगुण गुणगुणीला मारते, तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो.

एका पावसाळ्यात माझ्या गिटारीचा पिकअप मुका झाला. चुना मंडीजवळ पंख्याच्या आणि पंपाच्या मोटरी भरणारे एक म्हातारे मुलतानी चाचाजी होते, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी भिंगातून बघितलं, तुटलेलं टोक बोटावर घेतलं आणि म्हणाले, "इतनी पतली तार? यह मोटर नहीं, मज़ाक है।" पण सोडलं नाही. लाजपतराय मार्केटमधून केसाहून बारीक तार मागवली. दुकानातलं हातानं फिरवायचं वाइंडिंग यंत्र, त्याला आकडे मोजणारी चकती. एका हातानं मूठ फिरवत, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडत ते सात-आठ हजार फेरे त्यांनी दोन बैठकींत घातले. चिमूट जरा घट्ट झाली की तार तुटते, सैल पडली की वेटोळं फुगतं. मग वितळलेल्या मेणात बुडवून ठेवलं, आतले फेरे हलून शिट्टी वाजू नये म्हणून; हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मोटरच्या वेटोळ्याला वार्निश पाजायची सवय कामी आली. लिओ फेंडर असाच रेडिओवाला होता, हे मी त्यांना पुढे सांगितलं. त्यांना ते अगदी स्वाभाविक वाटलं.

टेलिकास्टरची फळी हातानं घडलेली नाही, कारखान्यात कापलेली आहे, हे बरगडीला कळतं. बसून तासभर वाजवलं की वरची कड रुतते. हीच तक्रार अमेरिकेतल्या वादकांनी केली होती. म्हणून १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला पाठीमागून पोटाच्या जागी खोलगट घेतलं, पुढून कोपर टेकतं तिथं उतार दिला आणि वरच्या पडद्यांपर्यंत हात जावा म्हणून दोन शिंगं काढली. तिचं अंग रेखलं फ्रेडी टॅव्हारेसनं, जो हवाईचाच आणि आडवी गिटार वाजवणारा. माझ्या मते या वाद्याच्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर काम हेच: लाकूड माणसाच्या अंगाला शरण आलं.

कॉलेजच्या बँडमध्ये दुसऱ्याची, त्या तुळईवाल्या लेस पॉलच्या नावाच्या घाटाची गिटार गळ्यात घेतली. गिब्सननं तो घाट १९५२ मध्ये काढला. जाड महोगनी, वर मेपलचा कमानदार थर, चिकटवलेली मान. सूर लांबतो, भरतो. पण वजन चार-साडेचार किलो. माझी उंची पाच फूट. कार्यक्रमानंतर डावा खांदा दोन दिवस वर होत नसे. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, हे अंग कुणाच्या अंगावर बेतलंय? उत्तर यायला २०१६ साल उजाडलं. सेंट व्हिन्सेंट या गायिकेनं म्युझिक मॅन कंपनीबरोबर स्वतःची गिटार घडवली: हलकी, अरुंद कमरेची, बाईच्या छातीला जागा ठेवणारी. एवढी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

बाबांनी माझ्या गिटारीत एकच गोष्ट पहिल्या दिवशी ओळखली. मानेवरच्या काळसर पट्टीवर अंगठा फिरवून ते म्हणाले, "हा आपला शिसव." मिरजेच्या घरी त्याचा पलंग होता. १९६० च्या दशकाअखेर ब्राझीलनं आपल्या शिसवाचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं आणि जगभरचे गिटारवाले भारतीय शिसवाकडे वळले. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये दिल्लीत उतरला आणि इथून चालत जाता येईल अशा कॅनॉट प्लेसमध्ये, रिखी रामच्या दुकानातून सतार घेऊन गेला. जानेवारी १९६९ मध्ये लंडनच्या गच्चीवर त्यानं वाजवलेली टेलिकास्टर नखशिखान्त शिसव-जातीच्या लाकडाची होती, आणि म्हणून जडही.

सध्या माझ्याकडे शेजारपाजारची मुलं शिकायला येतात. मुलतानी ढांड्यातली एक मुलगी परवा फ्लाइंग व्ही घाटाची स्वस्त नक्कल उचलून आली. गिब्सनचा हा बाणासारखा घाट १९५८ चा, निव्वळ नजर खेचायला काढलेला, तेव्हा फारसा खपलाही नाही. मी सांगणारच होते की ही बसून वाजवता येत नाही, मांडीवरून घसरते. तिनं दोन पंखांच्या बेचक्यात उजवी मांडी घातली, मान वर उचलली आणि शास्त्रोक्त गिटारवाले बसतात तशी बसली. गिटार हलेना. शेवटच्या पडद्यापर्यंत तिचा हात सहज पोचत होता, जो माझा टेलिकास्टरवर कधी पोचला नाही. तिला म्हटलं, ठेव हीच, फक्त पट्टा रुंद घे आणि उभं राहून वाजवायच्या आधी महिनाभर अशीच बस.